बाजीप्रभूंना स्पार्टाचं शिरस्त्राण घालू नका

गणपतीच्या देखाव्याची बैठक म्हटली की वाद आलाच. यंदा सांगलीत आमच्या भागातल्या मंडळाच्या बैठकीत तो पावनखिंडीवरून झाला. मुलांनी देखाव्याचं चित्र मोबाइलवर आणलं होतं, कोणीतरी संगणकावर तयार केलेलं. खिंडीच्या तोंडावर बाजीप्रभू उभे. अंगावर चिलखत नाही, अंगरखा नाही, पोटाचे आठ कप्पे तेल चोळल्यासारखे चमकताहेत, खांद्यावरून लाल झगा वाऱ्यावर फडफडतोय. समोरून येणाऱ्या शत्रूला मात्र चेहराच नाही. नुसती काळी लाट, तिच्यात लाल डोळे आणि सुळे. एक ज्येष्ठ सभासद उसळून म्हणाले, "बाजींना उघडं दाखवता? लोकांच्या भावना दुखावतील, गुन्हा दाखल होईल." मुलं म्हणाली, "काका, चित्रच आहे ते. कलाकाराला काही स्वातंत्र्य नको का?" मग झगा लाल की भगवा, यावर दीड तास गेला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली आणि गेली कित्येक वर्षं मंडळांचे पडदे रंगवतो. "सर, रंगवणार तुम्ही, तर तुम्हीच सांगा." मला जे सांगायचं होतं ते त्या गोंगाटात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी माझं म्हणणं स्पष्ट करतो. त्या चित्रातली खोट झग्याच्या रंगात नाही आणि उघड्या छातीतही नाही. ते चित्र ज्या साच्यातून निघालं तो साचा फॅसिस्ट राजकारणाचा आहे. देखणं शरीर हाच सद्गुणाचा पुरावा, व्यंग ही फितुरीची खूण, चर्चा करणारे सगळे विकले गेलेले, मरणातच आयुष्याचं सार्थक, आणि समोरचा माणूस म्हणून नाहीच, ती साफ करायची घाण आहे. मूर्तीच्या साच्यात शाडू घाला की प्लास्टर, बाहेर मूर्ती तीच येते. या साच्यात बाजीप्रभू ओतले तर बाजीप्रभू उरणार नाहीत. भावना दुखावल्याची तक्रार आणि कलास्वातंत्र्याची ढाल, दोन्ही बाजू या साच्याकडे न पाहताच भांडत होत्या. बंदी मला नको आहे, आणि "चित्रच तर आहे" हेही मला मान्य नाही.

साचा कुठून आला ते मुलांनाही ठाऊक होतं. व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि दुचाकींच्या टाक्यांवर स्पार्टाचं ते शिरस्त्राण आता सगळीकडे दिसतं. फ्रँक मिलर यांनी १९९८ मध्ये पाच अंकांत '३००' नावाचं कॉमिक काढलं, लिन व्हार्ली यांनी ते रंगवलं, आणि २००७ मध्ये झॅक स्नायडर यांचा त्यावरचा सिनेमा जगभर चालला. विषय इसवीसनपूर्व ४८० मधली थर्मोपिलीची लढाई. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा या नगरराज्याचा राजा लिओनायडस तीनशे योद्धे घेऊन इराणच्या झर्क्सिसची प्रचंड फौज खिंडीत अडवतो आणि मरतो. सिनेमा आला तेव्हा कॉमिकशी तो किती इमानदार आहे, चौकटीला चौकट कशी जुळते, याचं फार कौतुक झालं. पण इमान कोणाशी? कॉमिकशी इमान राखलं की इतिहासाचं देणं फिटतं का? कॉमिकच्या पानावर दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. वाचक तिथे थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, "हे असं कसं?" म्हणून बोट ठेवू शकतो. सिनेमानं चौकटी उचलल्या आणि ती पट्टी टाकून दिली. म्हणून जी गोष्ट कागदावर निदान तपासता येत होती, ती पडद्यावर अंगावरून वाहून जाते.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग घ्या. इराणचा दूत येतो, लिओनायडस त्याला लाथेनं विहिरीत ढकलतो, आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. दूतांना विहिरीत टाकल्याची नोंद हिरोडोटसच्या इतिहासात खरोखर आहे. घटना थर्मोपिलीच्या आधीची, झर्क्सिसच्या बापाच्या, दरायसच्या काळातली. पण हिरोडोटस तिथे थांबत नाही. तो सांगतो की स्पार्टाच्या लोकांना त्या कृत्याची टोचणी लागली, शकुन अशुभ येऊ लागले, आणि स्पर्थियस व बुलिस हे दोन खानदानी नागरिक आपणहून इराणला गेले. आमच्या जिवानं दूतांच्या जिवाची भरपाई करून घ्या, म्हणाले. झर्क्सिसनं त्यांना मारायला नकार दिला. दूत मारून तुम्ही जगाचा रिवाज मोडलात, मी तसं करणार नाही, असं म्हणून त्यानं दोघांना परत पाठवलं. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक इतिहासकारानं या प्रसंगात ग्रीकांची चूक आणि शत्रूचा मोठेपणा, दोन्ही लिहून ठेवले. कॉमिकनं लाथ ठेवली, टोचणी काढली. आपल्याकडे लंकेच्या दरबारात बिभीषण खुद्द रावणाला सुनावतो की दूत अवध्य असतो, आणि रावण ते ऐकतो. ज्या मुलांनी ही कथा आजीच्या मांडीवर ऐकली, त्यांच्याच मोबाइलच्या पडद्यावर ती लाथ आहे. हा इतिहासाचा साधा तपशील चुकला, असं म्हणून सोडून देता येईल?

आता व्यंगाकडे येतो, कारण चित्रकार म्हणून मला ते सगळ्यात जास्त खुपतं. इराण्यांना डोंगरातली आडवाट दाखवणारा एफिआल्टीस हा हिरोडोटसनुसार त्याच भागातला एक माणूस होता. बक्षिसाच्या लोभानं त्यानं वाट दाखवली. त्याला कुबड असल्याचं हिरोडोटसमध्ये कुठेही नाही. कॉमिकनं त्याला कुबडा, वेडावाकडा केला. त्याच्या आईबापांनी जन्मतः त्याला मारू दिलं नाही म्हणून तो वाचला, आणि वाचला म्हणून पुढे गद्दार झाला, अशी ती जोडणी आहे. सिनेमाची सुरुवातच मुळी कड्याच्या टोकावर धरलेल्या तान्ह्या मुलाची तपासणी आणि खाली पडलेल्या बालकांच्या कवट्या इथून होते. दोन्ही एकत्र पाहा. पहिल्या दृश्यातल्या नियमानं जे मूल फेकायला हवं होतं, तेच शेवटी घात करतं. प्रेक्षकाला कोणी भाषण देत नाही, पण निष्कर्ष त्याच्या गळी उतरतो. इतिहास काय सांगतो? स्पार्टाच्या नामांकित राजांपैकी एक अजेसिलाउस. तो एका पायानं लंगडा होता. लंगड्या राजवटीपासून जपा, असा कौल पुढे केला गेला, तरी स्पार्टानं त्यालाच राजा केलं आणि त्यानं कित्येक वर्षं राज्य केलं. खऱ्या स्पार्टाला लंगडा राजा चालला, चित्रातल्या स्पार्टाला चालत नाही.

पुसून टाकलेली माणसं तर मोजावी तेवढी. स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे गुलाम करायचे. स्पार्टाचे निवडलेले अधिकारी दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे हेलॉटाला मारलं तर पाप लागू नये. थ्युसिडिडीस या इतिहासकारानं एक प्रसंग नोंदवला आहे, तो मी वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्यातल्या ज्यांनी लढाईत सगळ्यात जास्त पराक्रम केला ते पुढे या, त्यांना स्वातंत्र्य देऊ, असं हेलॉटांना सांगितलं गेलं. दोन हजार जण निवडले गेले. त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट घातले, त्यांनी देवळांना प्रदक्षिणा घातल्या. पुढे ते दोन हजार नाहीसे झाले. कोणाला कसं मारलं हेही कळलं नाही. जो आधी स्वातंत्र्य मागायला पुढे येईल तोच उद्या बंड करील, हा त्यामागचा हिशेब. हे "स्वातंत्र्यासाठी लढणारं" स्पार्टा. थर्मोपिलीत पडलेल्या प्रेतांतही हेलॉट होते, हे हिरोडोटस सांगतो. चित्रात एकही नाही. आणि शेवटच्या दिवशी तीनशेंबरोबर आपल्या मर्जीनं थांबून मेलेले थेस्पिया गावचे सातशे? ते ना राजघराण्याचे, ना व्यवसायानं योद्धे. आकड्यानं दुपटीहून जास्त, पण नाव तीनशेंचं झालं. थर्मोपिलीत लिओनायडसचं स्मारक १९५५ मध्ये उभं राहिलं, या सातशेंचं व्हायला १९९७ उजाडलं.

सिनेमानं एक गोष्ट पदरची घातली आहे आणि ती फार बोलकी आहे. कॉमिकमध्ये नसलेला थेरॉन नावाचा राजकारणी त्यात आहे. राणी भर सभेत त्याला भोसकते आणि त्याच्या थैलीतून इराणी नाणी सांडतात. दरवर्षी नागरिकांनी निवडलेले पाच इफॉर हे स्पार्टाचे खरे कारभारी. त्यांना कॉमिक आणि सिनेमा, दोन्हींनी अंगावर फोड आलेले, लाचखाऊ, डोंगरावर राहणारे पुजारी केलं आहे. म्हणजे ज्यांना लोकांनी निवडलं ते सडलेले, जे सभेत बोलतात ते विकलेले, आणि विचारपूस न करता तलवार उपसतो तो एकटा शुद्ध. हे शिकून बाहेर पडणारा मुलगा उद्या ग्रामसभेकडे, नगरसेवकाकडे, न्यायालयाच्या तारखेकडे कोणत्या नजरेनं पाहील?

विरोधी बाजूचे मुद्दे कच्चे नाहीत, ते सोडून पुढे जाणं बरोबर होणार नाही. पहिला मुद्दा असा की अतिशयोक्ती काही कॉमिकवाल्यांनी शोधली नाही. हिरोडोटसनं झर्क्सिसच्या सोबतच्या माणसांचा आकडा बावन्न लाखांच्या वर नेला आहे, आणि आजचा कोणताही इतिहासकार तो मान्य करत नाही. खरं आहे. पण तोच हिरोडोटस हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीच्या काठावर आपली अफाट सेना पाहून रडणारा झर्क्सिसही दाखवतो. शंभर वर्षांनी यातला एकही माणूस जिवंत नसेल, हे त्या राजाच्या मनात येतं आणि त्याचे डोळे भरतात. ग्रीकांच्या विजयाला जेमतेम आठ वर्षं झाली होती तेव्हा, इसवीसनपूर्व ४७२ मध्ये, एस्किलस या नाटककारानं अथेन्सच्या रंगमंचावर नाटक आणलं ते इराणच्या राजवाड्यात घडणारं. हरलेल्या मुलाची वाट पाहणारी आई त्यात आहे, तिचा शोक आहे. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांशी लढलेला. शत्रूच्या तलवारीसमोर उभा राहिलेला माणूस शत्रूला आई देऊ शकला, आणि कधी लढाई न पाहिलेल्या आपल्या काळाला मात्र शत्रूला सुळे द्यावेसे वाटतात. फुगवलेला आकडा आणि हिरावून घेतलेला चेहरा, या दोन गोष्टी एका तागडीत कशा घालायच्या?

दुसरा मुद्दा आपल्या सांगलीच्या मातीतलाच आहे आणि तो जास्त अवघड आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर उभं केलं ते याच गावात. इथेच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. सरकारनं १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. मग खाडिलकरांनी पुराण वाकवलं तर देशकार्य आणि मिलरनं इतिहास वाकवला तर फॅसिझम, हा दुजाभाव नाही का? मी यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं की कीचकवधात बलाढ्य सत्तेला खलनायक केलं होतं आणि नाटक जुन्या कथेचं रूपक आहे हे उघड होतं. इतकंच नाही, नेमस्त धर्मराजाची बाजूही तिथे बोलते, भीमाशी वाद घालते. '३००' मध्ये वाद घालणारा प्रत्येक जण फितूर आहे. आणि "खरी घडलेली लढाई" हीच त्याची सगळी पुण्याई आहे. रूपकाचं स्वातंत्र्य घ्यायचं आणि प्रतिष्ठा इतिहासाची घ्यायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात हुशारीचा. सिनेमाची गोष्ट डिलिऑस नावाचा एक सैनिक सांगतो, थर्मोपिलीनंतरच्या प्लाटियाच्या लढाईआधी आपल्या फौजेला चेतवण्यासाठी. म्हणजे जे दिसतं ते त्याचं वर्णन, दिग्दर्शकाचं नाही. राक्षस, गेंडे, सगळं त्याच्या जिभेवरचं. ही सोय मी मान्य करतो, आणि पडताळून पाहतो. अशा निवेदकावर संशय घ्यायला लावणारं एक तरी दृश्य आहे का? एखादा ऐकणारा भुवई उंचावतो का? नाही. गोष्ट संपते आणि सगळी फौज गर्जना करत धावत सुटते, आपल्यालाही त्याच रांगेत बसवून. या डिलिऑसच्या मागे जो खरा माणूस आहे त्याची कथा तर काळीज पिळवटणारी आहे. अरिस्टोडेमस त्याचं नाव. डोळ्यांच्या आजारामुळे तो थर्मोपिलीतून मागे राहिला आणि जिवंत घरी आला. स्पार्टात कोणी त्याला चूल पेटवायला विस्तव देईना, कोणी त्याच्याशी बोलेना, त्याचं नाव "भेकड" पडलं. पुढच्या वर्षी प्लाटियाला तो रांग सोडून वेड्यासारखा लढला आणि मेला. तरी स्पार्टानं त्याला मान दिला नाही, कारण तो मरण शोधत होता. एका समाजानं आजारी माणसाचं काय केलं, याची ही साक्ष आहे. सिनेमानं त्याला एक डोळा गमावलेला सन्माननीय वीर करून त्याच्याच तोंडून स्पार्टाचं गुणगान वदवलं.

"फॅसिस्ट हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरता," असं मला बैठकीतल्या एका तरुणानं सुनावलं. तो शब्द तसा वापरला जातो, हे कबूल. मी मिलर यांच्या मनात शिरत नाही, त्यांना कोणत्या पक्षाचं म्हणत नाही. मी चित्राची वंशावळ सांगतो. हिटलरनं १९२८ मध्ये लिहून ठेवलेल्या, त्याच्या हयातीत न छापलेल्या दुसऱ्या पुस्तकात दुबळी मुलं टाकून देणाऱ्या स्पार्टाची वांशिक राज्य म्हणून वाखाणणी आहे. पुढे जानेवारी १९४० पासून ऑगस्ट १९४१ पर्यंत जर्मनीत सत्तर हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूनं मारले गेले. कड्यावर धरलेलं ते तान्हं मूल आठवा. ३० जानेवारी १९४३ ला स्टालिनग्राडमध्ये जर्मन फौज उपाशी, गोठलेली, शेवटच्या घटका मोजत असताना हिटलरचा सहकारी गोअरिंगनं रेडिओवरून भाषण केलं आणि तिची तुलना लिओनायडसच्या तीनशेंशी केली. जिवंत माणसांना त्यांचा मृत्युलेख ऐकवला. तीन दिवसांत त्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे त्याच लढाईवर पोवाडा रचत होते, पलीकडच्या बाजूनं, शहर राखणाऱ्यांच्या बाजूनं. डफावर थाप पडली की अंगावर काटा तिथेही येतोच. म्हणजे वीररस ही काही फॅसिस्टांची जहागीर नाही, आणि कॉमिकही नाही. अमेरिका युद्धात उतरण्याआधी, मार्च १९४१ ची तारीख असलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. काढणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू. सुपरमॅनवर तर १९४० मध्ये नाझींच्या एसएस दलाच्या वृत्तपत्रानं आगपाखड केली होती. माझी तक्रार माध्यमाबद्दल नाही, स्नायूंबद्दलही नाही. स्नायू म्हणजेच न्याय, या समीकरणाबद्दल आहे.

"तुम्ही वेताळ वाचूनच मोठे झालात ना, मग बिघडलात का?" हाही प्रश्न आला. वाचला, जीव टाकून वाचला. इंद्रजाल कॉमिक्सचे अंक पावलीनं भाड्यानं आणून वाचले. पण माझ्या तेव्हाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. परवा उघडल्या. वेताळाचा मुखवटा, अंगठी, घोडा सगळं नीट रेखलं आहे. जंगलातली माणसं मात्र एकाच साच्याची: जाड ओठ, गोल डोळे, हातात भाला, नाव कोणालाच नाही. दहा वर्षांच्या मुलाचा हात ते आपोआप शिकला होता. आणि तोच हात पुढे माझ्याकडून काय करून गेला तेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मंडळासाठी मी प्रतापगडाचा पडदा रंगवला. खानाचा चेहरा पाहून कार्यकर्ते म्हणाले, सर, अजून जरा राक्षसासारखा करा. मी केला. भुवया जोडल्या, डोळ्यांखाली काळं भरलं, दात मोठे केले, नाकपुड्या फुगवल्या. पाऊण तासाचं काम. अफझलखान साधुपुरुष नव्हता. शिऱ्याच्या कस्तुरीरंग राजाला अभय देऊन त्यानं मारलं होतं, त्याच्या दगाबाजीला पुरावा हवा तर तो हा आहे. मग दातांची गरज मला का वाटली? कारण पुराव्यातला खान हा एक माणूस आहे आणि दातांचा खान ही एक जमात होते. त्या पडद्यावर खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी नव्हता, खानाच्या छावणीत जाऊन मिळालेला खंडोजी खोपडे नव्हता, आणि महाराजांच्या दहा अंगरक्षकांत गणला जाणारा सिद्दी इब्राहिमही नव्हता. मीच त्यांना वगळलं होतं. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, सांगली-इचलकरंजीपर्यंत लोण गेलं. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. ते चित्र माझं नव्हतं. पण घराच्या बंद खिडकीआड बसून मला माझ्या पडद्यावरचे ते दात दिसत होते.

म्हणून पावनखिंडीचं चित्र माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. खिंड, तीनशे माणसं, पुढे प्रचंड फौज: थर्मोपिलीशी तुलना होणार हे साहजिक आहे, आणि ती जुनीही आहे. पण लिओनायडसच्या तोंडी सिनेमानं घातलेलं "माघार नाही, शरणागती नाही" हे वाक्य घेऊन शिवचरित्राकडे जा. महाराज त्या रात्री, १२ जुलै १६६० ला, पन्हाळ्याहून माघारच घेत होते. बाजीप्रभू आणि बांदल देशमुखांची माणसं दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत उभी राहिली ती माघार यशस्वी व्हावी म्हणून, राजा जगावा म्हणून. त्याच वर्षी पन्हाळा आदिलशहाला देऊन टाकला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी तो परत घेतला. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले सोडले. आग्र्याहून निसटले. यातली एकेक गोष्ट स्पार्टाच्या साच्यात घातली तर ती भेकडपणा ठरते; अरिस्टोडेमसला विस्तव न देणाऱ्या गावानं महाराजांनाही दिला नसता. माघार कधी घ्यायची हे ज्याला कळलं त्याचं राज्य झालं. मरणाची हौस हा स्वराज्याचा पाया कधीच नव्हता.

आणि शत्रूची ती काळी लाट? वेढा घालणारा आदिलशाही सरदार सिद्दी जौहर. त्याच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन आलेले. विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून बसले होते ते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी, आपल्याच मुलखातले मराठी सरदार. इकडे पालखीत राजा बनून बसलेला शिवा काशीद, परंपरेनं नाभिक समाजाचा. खिंडीत नाव बाजीप्रभूंचं झालं. रक्त सांडलं त्या बांदलांतले किती जण आपल्याला नावानं ठाऊक आहेत? इथेही थेस्पियाचे सातशे आहेत, आणि आपणही त्यांना विसरलो आहोत.

महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र मी पुढच्या बैठकीला छापून नेलं आणि मोठ्यानं वाचलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवे जळते ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल, मग घोडी कशावर जगणार? रयतेला त्रास दिलात तर ती म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. जो राजा पेटत्या वातीच्या उंदरापर्यंत विचार करतो त्याला कोणत्या चौकटीत रागानं दात-ओठ खाताना बसवायचं? वा. सी. बेंद्रे यांनी उजेडात आणलेलं जुनं डच चित्र पाहा. शांत नजर आणि ओठांवर किंचित हसू. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून एका परदेशी माणसानंही ते बोलताना हसतमुख दिसतात असं लिहून ठेवलं आहे. गेल्या काही वर्षांत स्टिकरवरचं, टी-शर्टवरचं ते हसू हळूहळू नाहीसं झालं, जबडा आवळला गेला, गळ्याच्या शिरा ताणल्या. हे कोणत्या एका माणसानं ठरवून केलेलं नाही. साचा बदलला की असं होतं.

बंदीबद्दल दोन शब्द. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका जिल्ह्याच्या शाळा मंडळानं जानेवारी २०२२ मध्ये 'माउस' हे कॉमिक अभ्यासक्रमातून काढलं. आर्ट स्पीगेलमन यांनी नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कथा त्यात चितारली आहे, १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला. काढण्याचं कारण काय, तर शिवराळ शब्द आणि एक उघडं चित्र. नाझी ज्यूंना उंदीर म्हणत. स्पीगेलमननी तोच उंदराचा चेहरा घेऊन त्याला माणसाचे सगळे हट्ट, भीती, चिक्कूपणा दिला. बंदीच्या चाळणीतून '३००' सारखं निसटतं आणि 'माउस' अडकतं, कारण ती चाळणी उघडी अंगं मोजते, पुसलेले चेहरे मोजत नाही. आमच्या बैठकीतही पहिली हरकत उघड्या छातीवरच होती.

त्या मोबाइलवरच्या चित्रावर मी शेवटी एवढंच बोललो की आषाढातल्या पौर्णिमेच्या आदल्या-मागल्या दिवसांत त्या खोऱ्यात झगा फडफडत नाही, अंगाला चिकटतो. पाऊस काढा, चिखल काढा, घोंगड्या काढा. आणि समोरच्यांना चेहरे द्या. एकानं विचारलं, "किती सर? पडद्यावर मावतील तेवढे?" मावतील तेवढे, म्हटलं. बाजींचा देह पिळदार ठेवायचा मुलांचा हट्ट कायम आहे, मीही तो मोडला नाही. रात्रभर धावून आलेल्या माणसाचे स्नायू असतात कसे, ते मात्र बघून काढायचे ठरलं. काका अजून नाराज आहेत, वर्गणीदार काय म्हणतील याची त्यांना चिंता आहे. ज्या मुलानं ते चित्र आणलं होतं त्याला गेल्या रविवारी मी आदिलशाही शिपाई म्हणून समोर बसवलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून, अंगावर बादलीभर पाणी ओतून, हात गुडघ्यावर, खिंड चढून धापा टाकत असल्यासारखा. दोन तास तो हलला नाही. मग कागदाजवळ येऊन आपला चेहरा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, याच्या पायात काय होतं? वहाण की अनवाणी?" पायांची जागा मी अजून कोरी ठेवली आहे. तो शोधून सांगणार आहे.